अर्धं शटर आणि एक मोबाइल: कोकणातल्या छोट्या धंद्याने गणपतीपर्यंत काय काय करावं

जून २०२१. दर आठवड्याला कोरोनाच्या निर्बंधांचा नवा आदेश येतो. जिल्हा तिसऱ्या स्तरात की चौथ्या, त्यावर ठरतं की दुकान चारपर्यंत उघडायचं की शटर पाडूनच बसायचं. मेमध्ये तौक्ते वादळ येऊन गेलं आणि झाडावरचा उरलासुरला आंबा खाली आला. दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडची माणसं तर गेल्या वर्षीच्या ३ जूनच्या निसर्ग वादळातून अजून उठतायत. उन्हाळ्याचा पर्यटक सलग दुसऱ्या वर्षी आला नाही. आता २०२१चा जूनही संपत आला आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच तारीख आहे: १० सप्टेंबर, गणपती.

म्हणजे हातात साधारण दहा आठवडे आहेत. आमसूल-मसाले विकणारी घरगुती उद्योजिका, बचत गट, किराणावाला, खानावळ, होमस्टे, गणपतीची शाळा (म्हणजे मूर्ती घडवण्याचा कारखाना), अशा कोणालाही या दहा आठवड्यांत फोनवरून धंदा उभा करता येईल. लागणार काय? एक बरा मोबाइल, एक जादा सिम आणि एक वही. वेबसाइट लागणार नाही. ‘तुमची वेबसाइट करून देतो, गुगलच्या पहिल्या पानावर आणतो’ असे फोन सध्या फार येतात. त्यांना सरळ ‘गणपतीनंतर बघू’ म्हणा. जो माल अजून कोणाला फोटोतही दाखवलेला नाही, त्याच्यासाठी हजारोंची वेबसाइट कशाला?

आधी वही, मग मोबाइल

वहीचं कोरं पान उघडा आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्याकडून कोणी काय नेलं ते आठवून लिहा. उधारीची वही, होमस्टेचं रजिस्टर, फोनमधले जुने कॉल, सगळं चाळा. कोकणातल्या बहुतेक धंद्यांची गिऱ्हाइकं तीन जातीची निघतात: गावातली आणि आजूबाजूच्या वाड्यांतली, मुंबई-पुण्याची चाकरमानी, आणि फिरायला येणारी. तिघांची गरज वेगळी, तिघांशी बोलण्याची रीत वेगळी.

यातला पर्यटक सध्या आपल्या हातात नाही. गावातलं गिऱ्हाईक आहे, पण त्याच्याकडेही पैसा आखडलेला आहे. उरला चाकरमानी. त्याच्याबद्दल जरा थांबून विचार करू, कारण खरा धंदा तिथेच दडलेला आहे.

मे महिन्यात किंवा गणपतीला गावी आलेला माणूस परत जाताना एक पिशवी नेतो. त्यात आमसुलं असतात, कुळथाचं पीठ असतं, वर्षाचा मसाला, आंबापोळी, फणसपोळी, काजूगर, सांडगी मिरची, पोह्याचे पापड, जमलं तर चार नारळ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुकट. ही पिशवी दीड वर्ष धड गेलेली नाही. गेल्या वर्षी गणपतीला यायचं तर विलगीकरणाची अट होती, यंदा शिमग्यालाही बंधनं, आणि मे तर गेलाच. दिव्याला, डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला, लालबागला स्वयंपाकघरातला आमसुलाचा डबा रिकामा झालाय. त्यांना कोकम म्हणजे काय हे समजावायला जाहिरात नको. ‘आमच्याकडे आहे, पाठवतो’ एवढंच त्यांच्या कानावर जायला हवं.

म्हणून माझा आग्रह आहे की सुटे पंधरा पदार्थ विकत बसण्याऐवजी ही पिशवीच विकायला काढा. दोन आकार पुरे, लहान आणि मोठा. आत काय असेल ते ठरलेलं, वजन ठरलेलं, पोचवण्यासकट किंमत ठरलेली. गिऱ्हाइकाला निवडत बसावं लागत नाही, तुम्हाला प्रत्येकासाठी वेगळा हिशोब करावा लागत नाही, आणि पॅकिंगचा खोका एकाच मापाचा आणता येतो. एखादा पदार्थ तुमच्याकडे होत नसेल तर शेजारणीकडून घ्या आणि तिला रोख द्या. बचत गटांना हे चांगलं जमतं, कारण एकीचा मसाला, दुसरीचे पापड, तिसरीची आंबापोळी अशी वाटणी आधीच झालेली असते.

व्हॉट्सअॅप बिझनेस: यावर एक दिवस खर्च करा

धंद्यासाठी वेगळं सिम घ्या. घरच्याच नंबरावर धंदा चालवला तर भाचीच्या वाढदिवसाचे फोटो आणि गिऱ्हाइकाची ऑर्डर एकातच जातात आणि ऑर्डर हरवते. व्हॉट्सअॅप बिझनेस हे वेगळं अॅप आहे आणि फुकट आहे. साधं व्हॉट्सअॅप आणि हे, दोन्ही एका फोनमध्ये राहतात. फक्त एकाच नंबरावर दोन्ही चालत नाहीत. जुनाच नंबर सगळ्यांना माहीत असेल आणि तोच धंद्याला हवा असेल तर आधी बॅकअप घ्या आणि मग नव्या अॅपमध्ये तो नंबर टाका. जुनं बोलणं सोबत आणायचं का, हे अॅप स्वतःच विचारतं.

प्रोफाइलमध्ये नाव लिहिताना ‘श्री स्वामी समर्थ एंटरप्रायझेस’ एवढंच लिहू नका. त्या नावाची दुकानं प्रत्येक तालुक्यात आहेत. नावापुढे गाव आणि माल टाका. पत्ता, वेळ, कुठे कुठे पाठवता हे खालच्या वर्णनात.

मग कॅटलॉग, म्हणजे अॅपमधली फोटोंसकट मालाची यादी. यात पाचशेपर्यंत वस्तू मावतात, पण तुम्ही दहाच घाला. प्रत्येकीला एक फोटो, नाव, वजन, किंमत आणि दोन ओळी. किंमत न लिहिता ‘दरासाठी फोन करा’ असं लिहिण्याची आपल्याकडे फार खोड आहे. मुंबईचा माणूस लोकलमध्ये उभ्याने मेसेज बघतो, तो दर विचारायला फोन करत नाही, पुढे सरकतो.

‘अवे मेसेज’, म्हणजे तुम्ही नसताना आपोआप जाणारं उत्तर, आपल्या भागात अगदी कामाचा आहे. घरात रेंज नाही, सड्यावर गेलं की येते, आणि पावसात दोन दिवस लाइटच नसते, ही आपली गत. गिऱ्हाइकाला ती माहीत नसते. त्याला वाटतं दुकानदार उत्तर देत नाही. म्हणून लिहून ठेवा: ‘नमस्कार. आमच्या वाडीत दिवसा रेंज कमी असते. संध्याकाळी ७ ते ९ मध्ये सगळ्यांना उत्तर देतो. ऑर्डर इथेच लिहून ठेवा, पहिल्याचा माल पहिला.’ आणि त्या दोन तासांत खरोखर सगळ्यांना उत्तर द्या. हा मेसेज आणि नव्या माणसाला आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज, दोन्ही बिझनेस टूल्समध्ये आहेत. तिथेच ‘क्विक रिप्लाय’ आहेत. पत्ता, खाते क्रमांक, दरपत्रक असली रोज विचारली जाणारी उत्तरं एकदा लिहून साठवायची. टाइप करायच्या जागी तिरकी रेघ दाबली की ती समोर येतात.

लेबलं मात्र सगळेजण विसरतात. प्रत्येक बोलण्याला रंगीत चिठ्ठी लावता येते: ‘ऑर्डर आली’, ‘पैसे आले’, ‘पार्सल गेलं’, ‘तक्रार’. रात्री झोपण्यापूर्वी ‘पैसे आले’ची यादी उघडायची आणि त्यातलं कोणाचं पार्सल जायचं राहिलंय ते बघायचं. वहीत टिपणं तरीही करा. फोन पाण्यात पडतो, वही पडत नाही.

नंबर कोणाकडून आणि कसे गोळा करायचे

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) एका वेळी २५६ जणांना मेसेज जातो, पण ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो पोचतो. हे माहीत नसल्याने लोक दोन-दोनशे नंबर भरून मेसेज सोडतात आणि ‘कोणीच उत्तर देत नाही’ म्हणत बसतात. पहिल्या मेसेजला प्रत्येकाला वेगळं लिहा, नावाने: ‘सुहासदादा, मी आगरवाडीतली अमक्याची सून. हा माझा धंद्याचा नंबर, सेव्ह करून ठेवा, महिन्यातून दोनदाच मेसेज करीन.’ वेळ लागतो, पण यादी पक्की होते. कुठून तरी मिळालेल्या अनोळखी नंबरांवर मेसेजांचा भडिमार केला तर लोक तक्रार करतात आणि नंबरच बंद पडू शकतो.

आता खरी गंमत. कोकणातल्या प्रत्येक गावाचं, कधी कधी प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ असतं. देवळाचा जीर्णोद्धार, मे महिन्यातली पूजा, क्रिकेटच्या स्पर्धा, सगळं तिथून ठरतं. त्या मंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप हे तुमचं सगळ्यात मोठं दुकान आहे आणि त्याचं भाडं शून्य. मात्र त्यात घुसून दिवसाला चार जाहिराती टाकल्या तर अॅडमिन बाहेर काढेल, आणि बरोबरच करेल. अध्यक्षांना किंवा सेक्रेटरींना आधी फोन करा, विचारा, आणि एकच मेसेज टाका. त्यांच्या घरी नमुन्याची एक लहान पिशवी पाठवलीत तर उत्तम.

मेसेज कसा असावा, त्याचा हा नमुना. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही भरा.

‘नमस्कार मंडळी. यंदा मे महिन्यात तुम्हाला गावी येता आलं नाही, तर गावची पिशवी तुमच्याकडे पाठवतो. मोठी पिशवी: आमसुलं अर्धा किलो, कुळथाचं पीठ १ किलो, मालवणी मसाला पाव किलो, पोह्याचे पापड पाव किलो, आंबापोळी पाव किलो. एकूण ₹१,१००, मुंबई-ठाण्यात घरपोच. आमसुलं याच वर्षीच्या कोकमांची, घरी वाळवलेली. ऑर्डर १० जुलैपर्यंत, पार्सल १५ जुलैला निघेल. एका सोसायटीतून पाच पिशव्या असतील तर प्रत्येकी ₹५० कमी.’

बघा, यात ‘सर्वोत्कृष्ट’, ‘अस्सल’, ‘१००% शुद्ध’ असले शब्द नाहीत. ते सगळेच लिहितात. कोकमं याच वर्षीची आहेत हे वाक्य त्या सगळ्यांपेक्षा जास्त सांगतं, कारण जुनं आमसूल काळंकुट्ट आणि कडक होतं हे घेणारीला ठाऊक असतं. शेवटची तारीख लिहिली नाही तर लोक ‘घेऊ कधीतरी’ म्हणतात. आणि सोसायटीची सवलत तुमच्याच फायद्याची, पाच ठिकाणी पोचवण्याऐवजी एका ठिकाणी पोचवायचं.

सारखा फॉरवर्ड झालेला मेसेज गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून एका वेळी एकालाच पुढे पाठवता येतो, तेव्हा ‘हा मेसेज दहा ग्रुपवर टाका’ अशी गळ घालू नका. दर वेळी मजकूर थोडा बदलून स्वतः नव्याने पाठवा.

पंचांग बघून मेसेज

शहरातले मार्केटिंगवाले कंटेंट कॅलेंडर (कधी काय टाकायचं त्याची यादी) म्हणून काहीतरी विकतात. आपल्याकडे ते भिंतीवर टांगलेलं असतंच. मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत आहे, ताजी मासळी नाही, म्हणजे सुकट, सोडे, सुका बांगडा यांना आत्ता मागणी. ९ ऑगस्टला श्रावण लागला की अर्ध्या घरांत ते बंद. तेव्हा सुक्या मासळीचा मेसेज जुलैत जायला हवा. ऑगस्टच्या मध्यावर पाठवलात तर वर बोलणी खाल. श्रावणात उपासाचं, वऱ्याचे तांदूळ, ताकाची सांडगी मिरची. २२ ऑगस्टला नारळी पौर्णिमा, नारळ आणि गूळ. त्यानंतर गणपतीचं: मोदकाचं तांदळाचं पीठ, काजूगर, खाजं. सुकी मासळी आणि पूजेचं सामान एकाच खोक्यात कधीही घालू नका. सांगायची गरज नाही, पण सांगितलं.

फोटो

महागडा फोन नको. भिंग पदराने पुसा, ढगाळ दुपारी पडवीत किंवा ओटीवर उजेडाकडे तोंड करून बसा, फ्लॅश बंद. पावसाळ्यातला मऊ उजेड फोटोला उन्हापेक्षा चांगला. खाली गुळगुळीत चमकणारं टेबल नको, साधं सूप किंवा शेणाने सारवलेली जमीन असेल तर सोनं.

आमसुलाचंच उदाहरण घेऊ. बंद प्लॅस्टिक पिशवीचा फोटो काढला की आत काळा गोळा दिसतो. त्याऐवजी मूठभर आमसुलं बशीत मोकळी करा, दोन-चार उलगडून ठेवा म्हणजे आतला लालसर रंग दिसेल, बाजूला पाण्याचा पेला ठेवून त्यात एक टाका. पाच मिनिटांत पाण्याला जो रंग चढतो त्याचा फोटो काढा. त्याच पदार्थाचा दुसरा फोटो वजनकाट्यावरचा, आकडा दिसेल असा. तिसरा पॅक केलेल्या पुड्याचा, शेजारी हात ठेवून, म्हणजे माप कळतं. हे तीन फोटो सगळ्या मालाला लागू. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत फोटो लावू नका; पार्सल उघडल्यावर वेगळं निघालं की तो माणूस परत येत नाही, आणि मंडळाच्या ग्रुपवर बोभाटा होतो तो वेगळाच.

गुगलवर नोंद

पिशवी विकणाऱ्याला हे थोडं कमी महत्त्वाचं. दुकान, खानावळ, गॅरेज, होमस्टे यांना अत्यावश्यक. गुगल बिझनेस प्रोफाइलवर (२०२१मध्ये त्याचं नाव ‘गुगल माय बिझनेस’ होतं) नोंद फुकट होते. आधी तुमच्या दुकानाचं नाव नकाशावर शोधा, कोणी पर्यटकाने आधीच टाकलेलं असण्याची शक्यता बरीच. असेल तर नवं करू नका, त्यावरच मालकीचा दावा करा.

आपल्याकडे घराला नंबर नसतो, रस्त्याला नाव नसतं, त्यामुळे पत्त्यापेक्षा नकाशावरची खूण महत्त्वाची. दुकानासमोर उभे राहून ती बोटाने सरकवून बरोबर छपरावर ठेवा. ती चुकून पलीकडच्या वाडीत बसली तर गिऱ्हाईक गाडी घेऊन पाणंदीत अडकतं. पत्त्यात वाडी, मुक्काम, पोस्ट, तालुका, पिनकोड सगळं लिहा, कारण खातरजमेसाठी २०२१मध्ये बहुधा पोस्टकार्डच यायचं, त्यावर पाच आकडी कोड असायचा. असं कार्ड येणार असेल तर पोस्टमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर ते इंग्रजी जाहिरात समजून बाजूला पडतं. कार्ड येईपर्यंत नाव किंवा पत्ता बदलू नका, बदलला की कोड बाद. घरातून धंदा करत असाल आणि लोकांनी दारात येऊ नये असं वाटत असेल तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा भाग दाखवता येतो.

सध्या सगळ्यात जास्त बघितली जाते ती वेळ. आदेश बदलला की त्याच संध्याकाळी गुगलवरची वेळ बदला. काही आठवडे पूर्ण बंद राहणार असाल तर ‘तात्पुरतं बंद’ अशी खूण करायची सोय आहे. ‘कायमचं बंद’वर बोट पडणार नाही एवढं बघा.

अभिप्राय मागायला लाजू नका. होमस्टेच्या जुन्या पाहुण्यांना लिंक पाठवा आणि ‘चार ओळी लिहा’ म्हणा. पाच तारे द्या असं मात्र सांगू नका, आणि घरातल्याच दहा जणांकडून एका रात्रीत तारे लावून घेऊ नका. वाईट अभिप्राय आला तर शांतपणे उत्तर द्या. तुमचं उत्तर तक्रार करणाऱ्यासाठी नसतं, पुढे वाचणाऱ्यासाठी असतं.

पैसे घेताना

यूपीआयचा क्यूआर कोड दुकानात लावा आणि त्याचा फोटो क्विक रिप्लायमध्ये ठेवा. पिशवीसाठी पूर्ण पैसे आधी घ्या. ओळखीच्या माणसाकडे आगाऊ पैसे मागणं आपल्याला जड जातं, ते कळतं. पण ‘खोक्याचं आणि पार्सलचं आधी द्यावं लागतं’ हे खरं कारण सांगितलं की कोणी रागावत नाही. समोरच्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर भरवसा न ठेवता बँकेचा मेसेज किंवा खातं बघा.

आणि एक फसवणूक किनाऱ्यावरच्या होमस्टेवाल्यांनी आणि खानावळवाल्यांनी तोंडपाठ करावी. फोन येतो, बोलणं हिंदीत, आवाज रुबाबदार. आपण सैन्यात आहोत, आमच्या पंधरा जणांसाठी खोल्या किंवा जेवण हवंय, अॅडव्हान्स लगेच पाठवतो. ओळखपत्राचा फोटोही येतो. मग म्हणतात, ‘आमचं पेमेंट वेगळ्या पद्धतीने होतं, हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ पिन टाकला की पैसे जातात. कायमचं लक्षात ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. पिन फक्त द्यायला लागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि काउंटरवर बसणाऱ्या मुलालाही हे सांगा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला बँकेला कळवा आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा. उशीर झाला की पैसे पुढे सरकतात.

परवाना आणि लेबल

घरगुती खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. २०२१च्या नियमाप्रमाणे वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर साधी नोंदणी पुरते, शुल्क वर्षाला ₹१००. चौदा आकडी नंबर मिळतो, तो पुड्यावर छापायचा. त्याबरोबर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, पॅक केल्याची तारीख, किती दिवस टिकेल आणि तुमचा पत्ता-फोन, शाकाहारीला हिरवी खूण. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणीही गेल्या वर्षीच्या १ जुलैपासून ऑनलाइन आहे आणि सरकारी संकेतस्थळावर पूर्ण फुकट आहे. त्यासाठी हजार-पंधराशे मागणारा एजंट भेटला तर हात जोडा. आंबेवाल्यांसाठी एक टीप पुढच्या हंगामाची: हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन (माल त्याच भागातला असल्याची अधिकृत ओळख) मिळालंय, पण ते आपल्या पेटीवर लावायचं तर स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. कर्नाटकाचा आंबा देवगडच्या नावाने खपतो त्या बाजारात हा कागद कामाला येतो. पावसाळ्यात वेळ आहे, तेव्हाच करा.

माल पोचवणं

इथे बहुतेकांचा धंदा मोडतो. फोटो छान, मेसेज छान, आणि कोकमाच्या आगळाची (रसाची) बाटली फुटून मसाला लाल चिखल झालेला. पहिल्या दोन महिन्यांत पातळ पदार्थ पाठवूच नका. पाठवायचाच असेल तर जाड बाटली, झाकणाखाली सील, वर बोटभर जागा, प्रत्येक बाटली वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये, आणि बाकीच्या मालापासून वेगळा खोका. पावसाळ्यात पापड, पीठ, मसाला दुहेरी पिशवीत, खोक्याच्या आत मोठी प्लॅस्टिकची थैली. पत्ता मार्करने लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी, नाहीतर पावसात शाई पुसते आणि पार्सल गोदामात बेवारस पडतं.

कशाने पाठवायचं? एक-दोन पिशव्या असतील तर पोस्ट. स्पीड पोस्टचा नंबर मिळतो, त्याचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवा म्हणजे ‘कुठपर्यंत आलं’ हे तो स्वतः बघतो. एका भागात वीस-पंचवीस झाल्या की एसटीची मालवाहतूक विचारा. गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून एसटी हे काम करते आणि तिने आंब्याच्या पेट्या मुंबईला नेल्या आहेत. आगारात जाऊन दर समक्ष विचारा, फोनवर नीट कळत नाही. मुंबईत उतरवून घ्यायला मंडळातला एक माणूस ठरवा, त्याला प्रत्येक पिशवीमागे ठरावीक रक्कम द्या. गावचा आहे म्हणून फुकट राबवून घेतलंत तर दुसऱ्या खेपेला तो फोन उचलणार नाही.

पोचवण्याचा खर्च किमतीत आधीच धरा. ‘अधिक कुरिअर चार्ज’ वाचलं की अर्धी गिऱ्हाइकं गळतात.

होमस्टे आणि गणपतीच्या शाळा

होमस्टेवाल्यांनी सध्या ‘या, किनारा रिकामा आहे’ असे फोटो टाकू नयेत. बंदी असेल तेव्हा तर नाहीच. आणि बंदी उठली तरी ग्राम कृती दलाशी (कोरोनासाठी नेमलेल्या गावच्या समितीशी) आधी बोला. गाव घाबरलेलं असताना तुमच्या दारात मुंबईची गाडी उभी राहिली तर तो वाद वर्षभर पुरतो. या काळात जुन्या पाहुण्यांशी संबंध ठेवा: पाऊस पडतानाचं अंगण, भात लावणी, छपराची झालेली दुरुस्ती. ज्यांची आगाऊ रक्कम अडकलीय त्यांना स्वतःहून लिहा, तारीख पुढे नेऊन द्या, आणि जो परत मागेल त्याला परत करा. लांब मुक्कामाला येऊन घरून काम करणारे पाहुणे पुढे मिळतील. ते पहिलं इंटरनेट विचारतात. खोलीत बसून वेग मोजा, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, लाइट गेल्यावर इन्व्हर्टर किती तास चालतो ते खरं सांगा. आणि न्हाणीघराचा फोटो टाका. समुद्राचे दहा असतात, न्हाणीघराचा एकही नसतो, आणि घरची बाई तोच शोधत असते.

गणपतीच्या शाळेत गर्दी नको म्हणून प्रत्येक मूर्तीपुढे नंबराची चिठ्ठी ठेवून समोरून आणि बाजूने फोटो काढा, उंची इंचात लिहा, कॅटलॉगला लावा. गेल्या वर्षी घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा होती. यंदाचा आदेश बघूनच मोठ्या मूर्तीची ऑर्डर घ्या. मूर्तीसाठी घरचा पाट शाळेत आणून ठेवण्याची रीत मोडायची नाही म्हणणारे असतील, त्यांना वेळ वाटून द्या. बुक झालेल्या मूर्तीच्या फोटोवर त्याच दिवशी ‘दिली’ असं लिहा, एकच गणपती दोघांना कबूल करण्याइतकं वाईट काही नाही.

फेसबुक, इन्स्टाग्राम, जाहिरात

फेसबुक पेज करा, व्हॉट्सअॅपचं बटण जोडा, तेच फोटो टाका. इन्स्टाग्राम होमस्टेला उपयोगी, आमसूलवालीला तितकं नाही. पैसे देऊन जाहिरात गणपतीच्या आधी तीन आठवडे, तीसुद्धा पहिल्या पन्नास पिशव्या तक्रारीविना पोचल्यावरच. ‘संपूर्ण भारत’ निवडू नका. ठाणे, डोंबिवली, वसई-विरार असा एक भाग, मराठी भाषा, दिवसाला शंभर-दीडशे रुपये, चार दिवस. त्यातून किती मेसेज आले आणि किती ऑर्डरी झाल्या ते बघून मग पुढचं.

हे बघायला काही सॉफ्टवेअर नको. वहीत प्रत्येक ऑर्डरीसमोर एक रकाना वाढवा: ‘कुठून कळलं?’ मंडळाचा ग्रुप, स्टेटस, गुगल, फेसबुक, की कोणी सांगितलं. दर रविवारी बेरीज करा आणि जिथून काही येत नाही तिथला वेळ काढून घ्या.

गणपतीच्या ऑर्डरी २८ ऑगस्टला बंद करा आणि शेवटचं पार्सल १ सप्टेंबरला निघू द्या. त्यानंतर गाड्या भरलेल्या, पोस्टात गर्दी, आणि दरड कोसळली तर घाट बंद. उशिरा आलेल्यांना नाही म्हणा, आणि त्यांची नावं दिवाळीच्या यादीत सगळ्यात वर लिहा.